शेळीच्या आतड्याची शस्त्रक्रिया : तंत्रनिवडीचा एक अभ्यास

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात १४.८९ कोटी शेळ्या होत्या. एकूण पशुधनात त्यांचा वाटा २७.८ टक्के होता. भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांच्या दृष्टीने शेळी ही अडीअडचणीला तत्काळ विकता येणारी मत्ता असते. साहजिकच, एका शेळीचा मृत्यू म्हणजे त्या कुटुंबाच्या बचतीचा नाश होय.

आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात शिरणे, हर्नियामध्ये आतडे अडकणे किंवा पोटास खोल जखम होणे यांमुळे आतड्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन तेवढा भाग निर्जीव होऊ शकतो. अशा वेळी केवळ औषधे पुरेशी ठरत नाहीत. निर्जीव भाग कापून काढून निरोगी टोके जोडावी लागतात. ही जोडणी कशी करावी, हा तंत्रनिवडीचा प्रश्न आहे.

जोडणीच्या पद्धती

पहिली पद्धत टोकास टोक जोडण्याची. तीत आतड्याची मूळ रचना कायम राहते. मात्र शेळीचे लहान आतडे अरुंद असल्याने जोडाच्या जागी मार्ग आकुंचित होण्याची शक्यता असते. दुसऱ्या पद्धतीत दोन्ही टोके बंद करून आतड्याच्या बाजू एकमेकींस जोडतात. मार्ग रुंद मिळतो, परंतु टाके अधिक घालावे लागतात व वेळही वाढतो. तिसरी पद्धत स्टेपलरची. ती जलद व एकसारखी असली, तरी तिचे साहित्य महाग असते.

टाक्यांचेही प्रकार आहेत. कडा आत वळविणाऱ्या टाक्यांनी गळती रोखली जाते, पण मार्ग अरुंद होतो. कडा बाहेर वळविल्यास मार्ग मोकळा राहतो, पण आजूबाजूचे अवयव चिकटण्याचा धोका वाढतो. कडा समोरासमोर आणणारा एकेरी थर हा या दोहोंमधील मार्ग होय. कोणत्याही प्रकारात टाका श्लेष्मल त्वचेखालील स्तरातून जाणे आवश्यक असते. आतड्याच्या भित्तिकेचे बळ मुख्यतः त्याच स्तरात असते.

तुलनेचे निकष

गळती, मार्गाचे आकुंचन, अवयवांची चिकटण, लागणारा वेळ आणि जोड किती दाब सहन करतो, हे वैद्यकीय निकष होत. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस निर्णायक असतात, कारण त्या काळात जोडाचे बळ प्रामुख्याने टाक्यांवरच अवलंबून असते. अर्थशास्त्र यात आणखी एका निकषाची भर घालते : उपचाराचा खर्च व जनावराचे मूल्य यांचे प्रमाण. खर्च शेळीच्या किमतीहून अधिक झाल्यास पशुपालक उपचारच नाकारतो. तेव्हा सर्वोत्तम तंत्रही निरुपयोगी ठरते.

अमर्त्य सेन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विकसनशील अर्थव्यवस्थेतील तंत्रनिवडीची चिकित्सा केली होती. भांडवल दुर्मीळ असताना कोणते तंत्र योग्य, हा प्रश्न येथेही लागू पडतो. हाताने घातलेल्या एकेरी थराच्या जोडणीस साधी उपकरणे व विरघळणारा धागा पुरतो. तिला खरी गरज असते ती प्रशिक्षित हाताची. म्हणून ग्रामीण दवाखान्यासाठी ती अधिक अनुरूप ठरते.

तथापि, कोणतेही तंत्र विलंबाची भरपाई करू शकत नाही. आतडे फुटून उदरपोकळीत संसर्ग पसरल्यावर जनावर वाचणे कठीण असते. १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर उपलब्ध होणाऱ्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकांचे महत्त्व यातच आहे. शेळी वेळेत शल्यचिकित्सकापर्यंत पोहोचली, तरच तंत्रांच्या तुलनेस अर्थ उरतो.