साचा शाबूत आहे
(शब्बाथशाळेसाठी वस्तुपाठ)

शास्त्रपाठ : यिर्मया १८:१-६, रोम. ८:२९, रोम. १२:२, २ करिंथ. ३:१८.

उद्देश : जो मोडला, बिघडला, त्याला देव टाकून देत नाही, ख्रिस्ताच्या रूपात तो त्याला पुन्हा घडवतो, हे मुलांच्या मनावर ठसवणे.

साहित्य : करंजीचा साचा, मळलेल्या कणकेचा गोळा, ओले फडके, आदल्या दिवशी उघड्यावर ठेवून वाळवलेला कणकेचा एक तुकडा.

शिक्षक बंधुभगिनींनो, वस्तू दाखवून शिकवणे ही काही नवी युक्ती नव्हे. देवाने आमोसाला ओळंबा दाखवला. यिर्मयाला तर त्याने उठून कुंभाराच्या घरी जायला सांगितले. प्रभु येशूने दिवा, मीठ, खमीर व जाळे या रोजच्या वस्तू हाती घेऊन स्वर्गाच्या राज्याच्या गोष्टी समजावून दिल्या. आपण मुलांना आठवड्यातून जेमतेम एक तास भेटतो. वस्तू मात्र त्यांच्या घरातच असते आणि आपण गेल्यावरही ती बोलत राहते.

आजचा पाठ कोणासाठी आहे, हे आधी मनाशी ठरवा. प्रत्येक मंडळीत असा एखादा मुलगा किंवा मुलगी असते, जिच्याविषयी मोठी माणसे तिच्यादेखत म्हणतात, "हे लेकरू वाया गेले." कोणी दोनदा नापास झालेला असतो, कोणी चोरी करताना सापडलेला असतो, कोणाच्या घरी बाप दारू पितो. मुले हे शब्द ऐकतात आणि खरे मानतात. त्यांना दुसरा शब्द ऐकवणे हे आपले काम आहे.

वस्तू

साचा मुलांच्या हाती द्या. नाताळचा फराळ करताना त्यांनी तो पाहिलेला असतो. करंजीला गोव्यात नेवरी म्हणतील, इंदूर-ग्वाल्हेरकडे गुजिया म्हणतील, बडोद्यात घुघरा म्हणतील. पण साचा सगळीकडे सारखाच.

आता पारी लाटून साच्यावर ठेवा आणि मुद्दामच वेडीवाकडी दाबा. करंजी फाटेल. मुलांना विचारा, "हिचे आता काय करायचे?" बहुतेक मुले बरोबर उत्तर देतील, कारण त्यांनी आईला पाहिलेले असते. आई ती कणीक फेकत नाही. ती पुन्हा गोळ्यात मिसळते, मळते, लाटते आणि साच्यात घालते. फाटकी पारी वाईट दिसली तरी कणीक तीच आहे आणि साचाही तोच आहे. यिर्मयाने कुंभाराच्या चाकावर हेच पाहिले. हातातले भांडे बिघडले, तेव्हा कुंभाराने त्याच मातीचे दुसरे भांडे घडवले.

मग वाळलेला तुकडा दाखवा. तो साच्यात घालून दाबला तर त्याचा भुगा होतो. म्हणूनच घरी कणकेवर ओले फडके टाकून ठेवतात. प्रार्थना, देवाचे वचन आणि पापाबद्दल खरा पश्चात्ताप यांनी मन असेच ओले राहते. ताठर मनाला आकार घेता येत नाही.

आपला साचा कोणता? पौल रोमकरांस लिहितो की, देवाने आपल्या लोकांना आपल्या पुत्राच्या प्रतिमेसारखे होण्यासाठी नेमले आहे. जगाचाही एक साचा आहे आणि त्यात न बसण्याविषयी तोच प्रेषित बाराव्या अध्यायात सावध करतो. मूल कोणत्या ना कोणत्या साच्यात घडणारच. प्रश्न इतकाच की कोणत्या?

सत्यकथा

आता मुलांना बंगालमधील सेरामपूरला घेऊन जा. विल्यम केरी हे इंग्लंडमधील एक जोडे शिवणारे गृहस्थ. ते १७९३ साली बंगालमध्ये आले. पुढे जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड या सोबत्यांसह त्यांनी सेरामपूर येथे मोठा छापखाना उभारला. त्या वेळी ते गाव डॅनिश लोकांच्या ताब्यात होते. आपल्या मराठीवरही केरींचे ऋण आहे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठी शिकवीत. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि मराठी कोश १८१० साली प्रसिद्ध झाला.

त्या काळी छपाई खिळ्यांनी होत असे. संगणकाच्या काळातील मुलांना हे समजावून सांगावे लागेल. आधी पोलादावर उलटे अक्षर कोरून ठसा करीत. तो ठसा तांब्यावर ठोकला की अक्षराचा साचा तयार होई. त्या साच्यात शिशाचा वितळलेला मिश्रधातू ओतला की एक खिळा तयार होई. असे हजारो खिळे जुळवून एकेक पान छापीत. सेरामपूरचे ठसे कोरण्याचे नाजूक काम पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने आणि त्याच्यामागे त्याचा जावई मनोहर याने केले.

बुधवार, ११ मार्च १८१२ रोजी संध्याकाळी या छापखान्याला आग लागली. केरी त्या वेळी कलकत्त्यात होते. वॉर्ड यांनी दारेखिडक्या बंद करून आग कोंडण्याचा प्रयत्न केला. पण कोणीतरी एक खिडकी उघडली, वारा आत शिरला आणि आग भडकली. रात्री छप्पर कोसळले. कोणाचा जीव गेला नाही, ही देवाची दया. पण कागदाचा मोठा साठा, चौदा भाषांचे खिळे आणि कित्येक वर्षे खपून लिहिलेली हस्तलिखिते जळाली. मार्शमन यांनी कलकत्त्यास जाऊन केरींना ही बातमी सांगितली.

राख निवल्यावर ढिगारा उपसला, तेव्हा खिळ्यांचे वितळून गोळे झालेले दिसले. पण त्याच राखेत पोलादाचे ठसे आणि तांब्याचे साचे सापडले, आणि ते शाबूत होते! शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. तांब्याला १०८५ अंश लागतात. जे आगीपुढे टिकू शकले नाही ते वितळले, जे टिकणारे होते ते टिकले. छापण्याची यंत्रेही वाचली होती. वितळलेला धातू कोणी फेकून दिला नाही. तो पुन्हा तापवून त्याच साच्यांत ओतला आणि नवे खिळे पाडले. काही आठवड्यांतच छपाई पुन्हा सुरू झाली. विलायतेतील मंडळ्यांनी वर्गणी गोळा करून नुकसान भरून दिले.

येथे एका गोष्टीची काळजी घ्या. सारे काही पूर्वीसारखे झाले, असे मुलांना सांगू नका. ते खरे नाही. संस्कृत व तिच्याशी नाते असलेल्या भाषांचा जो मोठा कोश केरी तयार करीत होते, तो त्या रात्री जळाला आणि पुढे कधी पुरा झाला नाही. केरींनी हे दुःख सोसले आणि बाकीचे काम नव्याने हाती घेतले. ज्या मुलाच्या घरातले माणूस गेले आहे, त्याला ठाऊक असते की गेलेले सगळेच परत येत नाही. त्याच्यापुढे गोड करून सांगितलेली गोष्ट टिकत नाही. आपण सांगितलेली केरींची गोष्ट खोटी निघाली, तर उद्या सुवार्तेच्या गोष्टीवर ते मूल विश्वास का ठेवील? म्हणून सत्यकथा सत्यच सांगावी.

शिकवण

वितळलेला खिळा स्वतः पुन्हा अक्षर होऊ शकत नाही. त्याच्यासाठी आशा आहे ती साचा शाबूत आहे म्हणून. आपलेही तसेच आहे. आपली आशा आपल्या चांगुलपणात नाही. मरणाच्या अग्नीतून जाऊन जो जिवंत उठला, तो ख्रिस्त शाबूत आहे. म्हणून कोणत्याही माणसाविषयी "वाया गेला" हा शेवटचा शब्द नव्हे.

मात्र प्रत्येक उपमा कोठेतरी संपते, आणि कोठे संपते हे शिक्षकाला कळले पाहिजे. कणकेला इच्छा नसते, मुलाला असते. साचा बाहेरून दाबतो. पवित्र आत्मा आतून पालट करतो, असे करिंथकरांस दुसऱ्या पत्रातील वचन शिकवते. शिवाय साच्यातल्या करंज्या सगळ्या एकसारख्या निघतात. पण प्रभूने पेत्राला योहान केले नाही, आणि मार्थेला मरीया केले नाही. ख्रिस्तासारखे होणे म्हणजे एकमेकांसारखे होणे नव्हे. या नावाखाली शांत मुलाला बोलके आणि बोलक्याला मुके करण्याचा मोह टाळा.

दुसरी सूचना : एका पाठात एकच शिकवण द्या. उघडलेल्या खिडकीवरून मोहाविषयी चांगला पाठ होईल, विलायतेतील वर्गणीवरून दानाविषयी होईल. ते पुढच्या रविवारांसाठी राखून ठेवा. तीन शिकवणी एकदम दिल्या तर मूल एकही घरी नेत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. फाटलेली करंजी आई का फेकत नाही?
२. आगीत काय वितळले आणि काय टिकले?
३. केरींचे काय परत आले नाही? तरी ते का थांबले नाहीत?
४. मोठ्या मुलांसाठी : जगाचा साचा आपल्याला कोठे कोठे दाबतो?
५. तुम्ही कोणाला "वाया गेला" म्हटले आहे काय? या आठवड्यात त्याच्यासाठी काय कराल?

प्रार्थना

हे प्रभु, आम्ही बिघडलो तरी तू आम्हांला हातातून टाकले नाहीस, म्हणून तुझे उपकार मानतो. आमची मने मऊ ठेव. आमच्या वर्गातील जे लेकरू स्वतःला निरुपयोगी समजते, त्याला तुझे हात जाणवू दे, आणि आमच्या तोंडून त्याला आशेचा शब्द ऐकू येऊ दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.