एकोणीसचा ऊस

कडेगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला मोहरमचे उंच ताबूत आठवतात. आम्हाला वर्षातले चार-पाच महिने दुसरं काही सुचत नाही, फक्त ऊस. टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी उचलून या दुष्काळी पट्ट्यात आणलं आणि ज्वारीच्या रानात लागणी झाल्या. वांगीच्या सोनहिरा कारखान्याचं गळीत सुरू झालं, की दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागं गाडी घेऊन थांबायची सगळ्यांनाच सवय असते.

फार्मिंग सिम्युलेटर हा कॉम्प्युटरवरचा शेतीचा खेळ मी घेतला तो उसापायीच. या खेळात ऊस पहिल्यांदा आला २०१७ च्या नोव्हेंबरात, 'फार्मिंग सिम्युलेटर १७'च्या प्लॅटिनम जोडणीत. पुढं २० नोव्हेंबर २०१८ ला 'फार्मिंग सिम्युलेटर १९' निघाला, त्यात तो मूळ खेळातच होता. नंतर २०२१ मध्ये २२ आला, २०२४ मध्ये २५ आला. मॉड, म्हणजे हौशी मंडळींनी बनवलेल्या जोडण्या, घातलेलं माझं १९ मात्र अजून चालू आहे. ते चालू ठेवता ठेवता जे हाताशी लागलं, ते जुनं व्हर्जन सांभाळणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल असं वाटतं.

१. जपायचं असतं ते खेळावर बसवलेलं काम

मूळ खेळ स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअरचा. त्यात ऊस तोडायला केस आयएचचं ऑस्टॉफ्ट हार्वेस्टर आहे. ते उसाच्या कांड्या करतं आणि शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत टाकतं. आमच्याकडं अजूनही कितीतरी फड बीडकडच्या टोळ्या कोयत्यानं तोडतात, मोळ्या बांधतात आणि डोक्यावरून फळीवर चढून ट्रॉली भरतात. मूळ खेळ उत्तमच आहे, पण ते रान माझं नव्हतं. माझं केलं मॉडवाल्यांनी. पंजाबच्या पोरांनी स्वराज ८५५, फोर्ड ३६०० असे ट्रॅक्टर बनवले. सायलेन्सरचा आवाज ऐकून डोळे मिटून ट्रॅक्टर ओळखावा, इतकं जीव लावून केलेलं काम. कुणी मोळ्यांनी भरलेली ट्रॉली केली, कुणी बांध केले.

त्याहून मोठं काम 'सीझन्स' या मॉडचं. मूळ १९ मध्ये ऋतूच नाहीत, कधीही पेरा, कधीही काढा. रिअ‍ॅलिझमस मॉडिंग या गटानं त्यात ऋतू आणले, आणि ज्याला त्याला आपल्या भागाचं हवामान घालता यावं म्हणून 'जिओ' नावाच्या वेगळ्या फायलींची सोय ठेवली. चार ऋतू आणि प्रत्येकाचा आरंभ, मध्य, अखेर, असे बारा टप्पे. मी त्यात आमचा भाग बसवायला घेतला. हिवाळ्याचं तापमान वर नेलं, तेव्हा बर्फ पडायचा थांबला. पाऊस त्यांच्या उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरदापर्यंत सरकवला, तोही बेतानंच, कारण कडेगावला पाऊस बेतानंच पडतो. सुरू उसाची लागण नीट बसली. आडसालीला पुरा पाऊस, हिवाळा, उन्हाळा ओलांडून सोळा-अठरा महिने लागतात. ती बारा टप्प्यांत मावेना, म्हणून सोडून दिली.

या खेळात ऊस तोडला की पुन्हा बेणं न लावता फुटून येतो. आमचे आबा एकदा खुर्चीमागं उभे राहून बघत होते. म्हणाले, "खोडवा बी धरतोय व्हय रं? मग पाचटाचं काय करतोस? जाळतोस का ठिवतोस?" खेळात पाचट येतच नाही, हे त्यांना काही केल्या पटलं नाही. रानात पाचट जाळू नका म्हणून सगळ्यांना सांगत फिरणारा माणूस तो.

हे सगळं १९ च्या पायावर उभं आहे. म्हणून जुनं व्हर्जन ठेवायचं की नाही हे ठरवताना मी खेळाकडं बघत नाही. त्यावर कुणाकुणाचं काम उभं आहे आणि त्यातलं किती दुसरीकडं नेता येईल, हे बघतो.

२. जुना मॉड नव्या खेळात जात नाही, आणि त्यात दोष कुणाचाच नसतो

प्रत्येक मॉडच्या झिपमध्ये 'मॉडडेस्क' नावाची एक छोटी फाईल असते. तीत हा मॉड खेळाच्या कोणत्या घडणीसाठी लिहिलाय, त्याचा आकडा असतो. आकडा जुना दिसला की नवा खेळ तो मॉड उचलतच नाही. आकडा हातानं बदलून भागत नाही, कारण आतलं इंजिन बदललेलं असतं. पत्र्यावर उजेड कसा पडतो, चाक मातीत किती रुतावं, स्क्रिप्टमधल्या कोणत्या फंक्शनला काय म्हणायचं, सगळंच थोडंथोडं सरकलेलं असतं. २२ मध्ये ऋतू मूळ खेळातच आले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण माझी जिओ फाईल तिथं वाचणारं कुणी नाही.

मॉड नव्यावर आणायचा तर ज्यानं केला त्यानंच पुन्हा बसावं लागतं. यातली बरीच मुलं ते काम करताना कॉलेजात होती, आता नोकरीला लागली, संसारात पडली. त्यांच्यामागं 'अपडेट कधी देणार' म्हणून लागू नये. फुकट दिलेल्या कामावर आपला एवढा हक्क नसतो.

शिवाय मशिनचाही प्रश्न असतो. १९ ला कमीत कमी ४ जीबी रॅम लागते, २२ ला ८ जीबी. आमच्याकडं पुष्कळ घरांत कॉम्प्युटर म्हणजे थोरल्यानं डिप्लोमाला घेतलेला, मग धाकट्याकडं आलेला. त्यावर १९ चालतं.

३. झिपचं नाव बदलू नका

दिसायला ही सगळ्यात क्षुल्लक गोष्ट, आणि सगळ्यात जास्त नुकसान हिच्यातून होतं. या खेळात मॉडची ओळख म्हणजे त्याच्या झिपचं नाव. आपण सेव्ह करतो तेव्हा सेव्हच्या फोल्डरात 'व्हेइकल्स' नावाची फाईल तयार होते. तीत प्रत्येक ट्रॅक्टरपुढं तो कोणत्या मॉडमधला, हे त्या नावानंच लिहिलेलं असतं. कुणी नीटनेटकेपणासाठी झिपला 'स्वराज लाल' असं नाव दिलं, तर खेळाच्या लेखी तो मॉड हरवला. फाटक उघडून बघावं तर ट्रॅक्टर नाही. त्या अवस्थेत पुन्हा सेव्ह केलं की ट्रॅक्टर नोंदीतूनही जातो.

एकच झिप दोनदा उतरवली तर ब्राउझर दुसरीच्या नावापुढं कंसात आकडा लावतो. कंस आणि मोकळी जागा या खेळाला चालत नाहीत. फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर, तेही पहिलं अक्षर आकडा नको. माझ्या दुकानावर 'मॉड दिसत नाही' म्हणून मुलं येतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं काम तेवढा कंस काढून होतं.

नीटनेटकेपणा हवाच असेल तर एक वही ठेवावी. मॉडचं नाव, कोणी केला, कोणता नंबर, कुठून आणि कधी उतरवला. मी अजून कागदावरच लिहितो.

४. खेळ, मॉड आणि सेव्ह एकाच गाठोड्यात

सेव्हच्या फोल्डरात 'करिअरसेव्हगेम' नावाची आणखी एक फाईल असते. त्या वेळी कोणकोणते मॉड चालू होते, त्यांचा व्हर्जन नंबर काय होता, याची यादी तीत असते. साध्या नोटपॅडमध्ये ती उघडते. मॉडनं भरलेला खेळ दुसऱ्या मशिनवर न्यायचा तर ही यादीच खरी वाटाड्या. नुसती सेव्ह नेली आणि मॉड नंतर शोधू म्हटलं, तर ते मिळतीलच असं नाही. मॉडच्या साइट बंद पडतात, करणाराच आपलं काम काढून घेतो, किंवा त्याच नावाची नवी आवृत्ती टाकून जुनी पुसतो. आज चालतंय तेच आजच बाजूला काढून ठेवावं.

मी इन्स्टॉलर, मॉडचं अख्खं फोल्डर, सेव्हची फोल्डरं आणि 'गेमसेटिंग्ज' ही फाईल एकत्र ठेवतो. एक प्रत घरात, एक कराडला बहिणीकडं. या गेमसेटिंग्जमध्ये मॉडचं फोल्डर कुठं आहे हे बदलता येतं. त्यामुळं कडेगावच्या रानाचे मॉड एका फोल्डरात आणि पुतण्याची धडपड दुसऱ्या फोल्डरात राहते, एकमेकांत मिसळत नाहीत. खेळ हे सगळं डॉक्युमेंट्समध्ये ठेवतो; ते फोल्डर क्लाउडवर आपोआप चढत असेल, तर ते चढणं आधी बंद करावं. नाहीतर खेळ एका ठिकाणी बघतो आणि आपण मॉड दुसरीकडं टाकत बसतो.

आणि वीज. सेव्ह चालू असताना लाईट गेली तर ती सेव्ह फाटू शकते. १९ आपणहून 'सेव्हगेमबॅकअप'मध्ये मागच्या प्रती ठेवतं, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. पण साधा यूपीएस त्याहून बरा.

५. अपडेट आपण ठरवून घ्यावं

१९ बद्दल मी निर्धास्त आहे, कारण १.७.१ नंतर त्यात बदल झाला नाही. आता तो स्थिर आहे, आणि जुन्या व्हर्जनचं हे मोठं सुख. सगळ्या खेळांचं तसं नसतं. आमच्या वयाचे कित्येक जण ज्यावर माऊस धरायला शिकले तो 'जीटीए सॅन अँड्रियास' घ्या. कॉम्प्युटरवर तो २००५ च्या जूनमध्ये आला. हॉलंडच्या एका मॉडवाल्यानं 'हॉट कॉफी' नावाचा मॉड काढून आत दडवून ठेवलेला भाग उघडा केला, अमेरिकेत गदारोळ झाला, आणि कंपनीनं पुढच्या प्रतींत मॉडची वाटच अडवली. २०१४ मध्ये स्टीम या ऑनलाइन दुकानावरच्या अपडेटनं गाण्यांचे परवाने संपले म्हणून रेडिओवरची काही गाणी काढून टाकली. आजही सॅन अँड्रियासचा चांगला मॉड घ्या, त्यासोबत लिहिलेलं असतं: व्हर्जन १.० पाहिजे.

'स्कायरिम'चं तेच. ११ नोव्हेंबर २०२१ ला नवी आवृत्ती आली आणि स्क्रिप्ट एक्स्टेंडरवर चालणारे मॉड एका रात्रीत थांबले. त्यामुळं कितीतरी लोक १.५.९७ वरच राहिले. सगळ्यात वाईट वाटलं ते 'फॉलआउट लंडन'चं. फॉलआउट ४ वर ब्रिटनच्या हौशी मंडळींनी वर्षानुवर्षं खपून अख्खं लंडन उभं केलं होतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये ते द्यायचं ठरलं होतं, आणि २५ एप्रिलला मूळ खेळाचाच मोठा अपडेट आला. अखेर २५ जुलैला ते निघालं, तेही आधी मूळ खेळ जुन्या व्हर्जनवर न्या, या अटीवर. म्हणजे जगभर हजारो लोकांना त्या दिवशी जुनं व्हर्जन लागलं. ज्यांनी ठेवलं होतं त्यांचं काम सोपं झालं.

स्टीमवर खेळाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'खेळ सुरू करेन तेव्हाच अपडेट कर' असा पर्याय आहे. तो निवडून ऑफलाइन खेळावं. काही कंपन्या तिथंच बीटाच्या टॅबमध्ये जुनी व्हर्जन ठेवतात. युरो ट्रक सिम्युलेटर २ वाले हे वर्षानुवर्षं करत आलेत, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुक करायला हवं. माइनक्राफ्टच्या लाँचरमध्ये तर १.७.१० किंवा १.१२.२ सरळ यादीतून निवडता येतं. बनवणाऱ्यानं मनावर घेतलं तर हे किती सोपं असतं, ते यावरून दिसतं.

६. लॉग वाचा

खेळ अडला की पोरं सगळे मॉड काढून पुन्हा एकेक घालत बसतात. लॉग नावाची फाईल उघडली तर त्यात कोणता मॉड, कोणती ओळ, हे लिहिलेलं असतं. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. 'एरर' शब्द शोधा, सगळ्यात पहिला बघा. खालचे बहुतेक त्याच्यामुळंच आलेले असतात.

७. दुसऱ्याचं काम वाटत सुटू नका

पेनड्राईव्हवर सगळं फोल्डर कॉपी करून देणं आमच्याकडं सवयीचं आहे. २०१६ ला जिओचं मोबाईल नेट येईपर्यंत मोठी फाईल उतरवणं इकडं परवडतच नव्हतं, तेव्हापासूनची. पण मॉडसोबतच्या टिपणात बऱ्याचदा स्पष्ट लिहिलेलं असतं, की आपल्याला न विचारता दुसरीकडं टाकू नका. मी स्वतःसाठी प्रत ठेवतो. कुणी मागितलं तर वहीतली यादी आणि मूळ पत्ता देतो. पत्ता मेला असेल तर करणाऱ्याला लिहितो. उत्तरं येतात, आणि फार प्रेमानं येतात. पाच वर्षांपूर्वीचा आपला ट्रॅक्टर सांगली जिल्ह्यात कुणीतरी अजून चालवतंय, याचं त्यांना अप्रूप वाटतं.

८. जुन्या मशिनवर फक्त खेळ

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून ज्या मशिनवर १९ आहे, त्यावर बँक नाही, सातबारा नाही, मेल नाही. नेटची तारही काढलेली.

९. नव्याकडं पाठ फिरवू नये

पुतण्या मला म्हणतो, "काका, पंचवीसमध्ये म्हैस आलीय की." खरंच आलीय. म्हशी आल्या, शेळ्या आल्या, भाताची खाचरं आली. इतकी वर्षं युरोप-अमेरिकेच्या शेतात रमलेल्या खेळानं पहिल्यांदाच मान वळवून आशियाकडं बघितलं, याचा मला मनापासून आनंद आहे. गोठ्यात म्हैस उभी आहे हे बघायला आबाही त्याच्या खोलीत जाऊन बसले.

१९ आणि २५ यांची फोल्डरं वेगळी असतात, दोन्ही सुखानं एका घरात राहतात. नव्यावर कुणी देशी ट्रॉली केली, आमच्याकडच्या पावसाचा नकाशा केला, की मी सगळ्यात आधी घेईन. जमलं तर यंदा दिवाळीनंतर पुतण्याला सोबत घेऊन त्या पावसाच्या आकड्यांपासूनच सुरुवात करायचा विचार आहे. वहीत ते सगळे लिहिलेले आहेत, आणि ताडून बघायला १९ शेजारच्या टेबलावर चालू असेल.