यंत्रावर बोट तुटल्यास : प्रथमोपचार व प्रतिबंध

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत पॉवर प्रेस सर्रास वापरला जातो. डायमध्ये पत्रा ठेवताना वा काढताना अवेळी ठोका पडल्यास बोटे चिरडतात किंवा तुटून वेगळी होतात. तुटलेले बोट सूक्ष्मशस्त्रक्रियेने पुन्हा जोडता येणे शक्य असते; परंतु ते कोणत्या स्थितीत व किती वेळात रुग्णालयात पोहोचते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

अपघात होताच
• यंत्र तत्काळ बंद करावे. अडकलेला हात जोराने ओढू नये.
• जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात उंच धरावा. बोटाला दोरी वा तार आवळू नये.
• सूज येण्यापूर्वी अंगठी, कडे, घड्याळ काढावे.
• जखमेवर हळद, चुना, चहापूड लावू नये.
• भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने जखमीस काहीही खाऊपिऊ घालू नये.
• 108 किंवा 112 वर संपर्क साधावा.

तुटलेल्या भागाची काळजी
तुटलेला भाग सलाईनने ओल्या केलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा. पिशवीचे तोंड घट्ट बंद करून ती बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बर्फाचा थेट स्पर्श झाल्यास पेशी गोठून नष्ट होतात. म्हणून बोट बर्फावर ठेवू नये, तसेच जंतुनाशकात बुडवू नये. कातडीला लोंबणारा भाग कापून वेगळा करू नये. थंड न ठेवलेले बोट साधारणतः 12 तास, तर संपूर्ण पंजा केवळ 6 तासच जोडण्यायोग्य राहतो. बोट चिरडलेले दिसले तरी टाकून देऊ नये. निर्णय शल्यचिकित्सकाचा असतो.

प्रतिबंध
दोन्ही हातांनी दोन बटणे एकाच वेळी दाबल्याशिवाय ठोका पडू नये, अशी प्रेसची रचना असावी. उत्पादन वाढवण्यासाठी सुरक्षा कवच काढणे किंवा सेन्सर बंद करणे हे अपघाताला निमंत्रण होय. यंत्र सुरक्षित ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. ड्रिल वा लेथच्या फिरत्या भागाजवळ हातमोजे घालू नयेत. ते गुंतून हात आत ओढला जातो.

कामगाराचा हक्क
अपघाताची नोंद त्वरित करून घ्यावी. कर्मचारी राज्य विमा योजनेतील विमाधारकास कामावरील दुखापतीमुळे तात्पुरते अपंगत्व आल्यास वेतनाच्या 90 टक्के दराने लाभ मिळतो. हा हक्क नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू असतो.