वन्यदर्शनाचा ऋतू : दोन त्रिभुज प्रदेश

‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेतून जगभर पसरला. त्याचा मूळ अर्थ केवळ प्रवास; अरबीतील ‘सफर’ या शब्दाशी त्याचे नाते आहे आणि तो शब्द मराठीलाही परका नाही. आज मात्र सफारी म्हटले की आफ्रिकेतील गवताळ मैदाने व त्यांवर चरणारे प्राण्यांचे कळप डोळ्यांपुढे येतात. अशा खर्चिक प्रवासास निघणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो : कोणत्या महिन्यात जावे? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे खरे उत्तर पंचांगात नसून पाण्याच्या वाटेत आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला या बाबतीत एक नियम अनुभवाने ठाऊक असतो. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाच्या अरण्यात वाघ पाहावयाचा तर भर उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यांत जावे. त्या वेळी सागाची पाने गळलेली असतात, झुडुपांतून दूरवर दिसते आणि पाणी मोजक्याच पाणवठ्यांवर उरते. तहानेने व्याकूळ झालेला प्राणी तेथे आल्यावाचून राहत नाही. पावसाळ्यात अरण्य हिरवेगार होते, जागोजागी पाणी साठते आणि प्राणी विखुरतात. शिवाय जुलै ते सप्टेंबर या काळात गाभाक्षेत्र पर्यटकांसाठी बंदच असते. यावरून ‘कोरडा ऋतू तोच उत्तम ऋतू’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो निष्कर्ष अर्धाच खरा आहे.

आफ्रिकेच्या अनेक भागांत हा नियम लागू पडतो, यात शंका नाही. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर उद्यानात मे ते सप्टेंबर हा कोरडा हिवाळा असतो आणि तेव्हा प्राणी पाण्याजवळ सहज दिसतात. टांझानियातील सेरेंगेटीच्या मैदानांची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथील दहा लाखांहून अधिक वाइल्डबीस्ट हे प्राणी वर्षभर पावसामागून आणि कोवळ्या गवतामागून फिरत असतात. जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास ते उत्तरेकडे, केनियाच्या सीमेलगत असतात आणि मारा नदी ओलांडतानाचे त्यांचे दृश्य पाहण्यासाठी जगभरातून लोक येतात. तथापि फेब्रुवारीच्या सुमारास तेच कळप दक्षिणेकडील आखूड गवताच्या मैदानांवर उतरतात. ज्वालामुखीच्या राखेमुळे तेथील माती खनिजांनी समृद्ध आहे व पावसानंतरचे गवत पौष्टिक असते. काही आठवड्यांच्या अवधीत तेथे लक्षावधी पाडसे जन्मास येतात. ज्याला नदी ओलांडणारे कळप पाहावयाचे आहेत त्याचा ऋतू एक आणि ज्याला नवजात पाडसे पाहावयाची आहेत त्याचा दुसरा. म्हणजे ऋतूच्या आधी दृश्य ठरले पाहिजे.

याहून बोधप्रद उदाहरण बोट्स्वानातील ओकावांगोचे आहे. ही नदी समुद्राला मिळत नाही. कालाहारीच्या वाळूत ती पसरते आणि तेथेच तिचा त्रिभुज प्रदेश तयार होतो. तिच्या पाण्याचा उगम अंगोलातील उंच प्रदेशातील पावसात आहे. साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात तेथे पडलेला पाऊस अत्यंत मंद उताराने खाली सरकतो व जून ते ऑगस्टच्या सुमारास त्रिभुज प्रदेशाच्या खालच्या भागात पोचतो. त्या वेळी बोट्स्वानात पावसाचा थेंबही पडत नसतो. आकाश कोरडे आणि भूमी जलमय, अशा या संयोगामुळे आजूबाजूच्या रुक्ष प्रदेशातील प्राणी तेथे एकत्र येतात. स्थानिक पाऊस पाहून प्रवास ठरविणाऱ्याला हे गणित उलगडणार नाही. पाणी येथे पडते केव्हा, हे विचारून भागत नाही. ते येथे पोचते केव्हा, हेच विचारावे लागते.

हीच गोष्ट भारतात पाहावयाची असेल तर तमिळनाडूतील कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाकडे वळावे. सतराव्या शतकापासून १८५५ पर्यंत तंजावर येथे मराठी राजघराणे नांदल्यामुळे हा प्रदेश मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नाही. कुंभकोणमजवळचे नाचियारकोविल हे गाव याच प्रदेशाच्या मध्यभागी वसले आहे. येथील मंदिरातील दगडी गरुड आणि येथील कारागिरांनी घडविलेल्या पितळी समया प्रसिद्ध आहेत. समयांच्या साच्यांसाठी लागणारी बारीक माती कावेरीच्याच काठची असते आणि समईच्या शिखरावर बहुधा हंस बसविलेला असतो. गरुडाची मिरवणूक मार्गळी व पंगुनी या तमिळ महिन्यांतील उत्सवांत निघते. मार्गळी म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा काळ. या प्रदेशातील जलाशयांवर पक्ष्यांची गर्दी असते तीही याच दिवसांत.

या योगायोगामागे पाण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली दूरची आहे : जून ते सप्टेंबर या काळात कर्नाटकातील कोडगू व लगतच्या डोंगरांवर पडणारा पाऊस कावेरीतून मेट्टूरच्या धरणात येतो. १९३४ साली पूर्ण झालेल्या या धरणातून परंपरेने १२ जून रोजी शेतीसाठी पाणी सोडतात व २८ जानेवारीस ते बंद करतात. दुसरी वाट जवळची आहे : ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वारे तमिळनाडूला त्याच्या वार्षिक पावसाचा जवळजवळ निम्मा वाटा देतात. कालव्यांचे व पावसाचे पाणी मिळून जुने तलाव भरतात. तिरुवारूर जिल्ह्यातील वडुवूर आणि कोळ्ळिडम नदीच्या उत्तरेस अरियलूर जिल्ह्यातील करैवेट्टी हे असेच सिंचनाचे तलाव होत. दोन्ही आज पक्षी अभयारण्ये असून रामसर करारान्वये वडुवूरला २०२२ मध्ये व करैवेट्टीला २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात तेथे पाणकावळे, करकोचे, शराटी व नाना जातींची बदके दिसतात. करैवेट्टीस तर हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंसही उतरतात. ताडोबाचा नियम मनात धरून मे महिन्यात येथे येणाऱ्याच्या वाट्याला मात्र तडे गेलेली माती येते.

तारखाही दरवर्षी सारख्या राहत नाहीत. मेट्टूरचे पाणी २०२२ साली २४ मे रोजीच सोडण्यात आले, तर २०२४ साली त्यासाठी २८ जुलै उजाडला. शेतकऱ्याची पेरणी आणि पक्ष्यांचा मुक्काम एकाच कालव्यावर अवलंबून असल्याने धरणाची बातमी ही येथे वन्यजीवनाचीही बातमी असते.

त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, समुद्रकाठी कोडियक्करै हे अभयारण्य आहे. १९६७ साली ते मुख्यतः काळविटांच्या रक्षणासाठी स्थापन झाले. हिवाळ्यात येथील दलदलीवर रोहित व किनाऱ्यावरील लहान चिखलपक्षी मोठ्या संख्येने येतात. परंतु पक्ष्यांचा ऋतू तोच बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचाही ऋतू होय. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गाजा’ हे वादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा या वनाची मोठी हानी झाली व काळविटेही मृत्युमुखी पडली. यास्तव नोव्हेंबरपेक्षा जानेवारी प्रवाशाला अधिक निर्धोक ठरतो.

सारांश, प्रवास सेरेंगेटीचा असो की वडुवूरचा, निघण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. कोणता प्राणी, कोणत्या अवस्थेत पाहावयाचा आहे? त्याला लागणारे पाणी व अन्न त्या ठिकाणी केव्हा पोचते? आणि यंदा ते वेळेवर पोचले आहे काय? पहिल्या दोहोंची उत्तरे ग्रंथांत सापडतात. तिसऱ्याचे उत्तर निघण्यापूर्वी तेथील लोकांकडूनच घ्यावे लागते. पाण्याने एकत्र आणलेले प्राणी पाहणाऱ्यांच्या सोयीसाठी जमलेले नसतात, तर जगण्यासाठी जमलेले असतात, हेही विसरू नये. म्हणून योग्य ऋतूत जाणाऱ्यानेच सर्वांत अधिक अंतर राखून, शांतपणे पाहिले पाहिजे.