डिग्री तर होईल, पण तयारी झाली का?

व्हिडिओत बोललो तेच इथे नीट मांडून देतो. वही-पेन घेऊन बसा.

शिर्डीत कॉलेजच्या मुलाला "पुढं काय?" विचारा. बरेचदा उत्तर येतं, "बघू, आधी डिग्री तर होऊ द्या." या "बघू"मुळेच घरात कुरबुर होते आणि पोरगं आतल्या आत कुढतं.

आधी समाधानाचं बघू. मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये एक मोजपट्टी मांडली. आयुष्याबद्दलची ५ विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण, एकूण ५ ते ३५. त्यात पगार विचारतच नाहीत. स्वतःचं आयुष्य स्वतःला कसं वाटतं, एवढंच विचारतात.

आता तयारी. करिअरचे अभ्यासक मार्क सॅविकास चार गोष्टी सांगतात: पुढचा विचार, स्वतःचा निर्णय, कुतूहल आणि आत्मविश्वास. ज्या विद्यार्थ्यांत या चार गोष्टी जास्त, त्यांचं समाधानही जास्त, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. एकामुळेच दुसरं होतं, असा याचा अर्थ नाही. पण या चार गोष्टी सरावानं वाढतात, आणि सरावाची जागा आपल्या दारात आहे.

समजा, तुम्ही गुरुवारच्या गर्दीत राहात्याचे पेरू विकायला बसलात. (आकडे फक्त हिशेब कळण्यासाठी.) २० किलो माल ३० रुपयांनी घेतला, ६०० रुपये गेले. १४ किलो ५० नं विकला, ७०० आले. जाण्यायेण्याचे ६० वजा केले की हातात ४० रुपये. उरलेले ६ किलो पेरू पिकून वाया!

तोटा कुठं झाला? खरेदीत. १५ किलोच घेतला असता तर खर्च ४५०, विक्री तीच ७००, आणि भाडं जाऊन १९० रुपये उरले असते. हा हिशेब ज्यानं स्वतः केला, त्याचा आत्मविश्वास सर्टिफिकेटवर अवलंबून राहत नाही.

आणि पुढचा विचार? १७ मार्च २०२० ला मंदिर बंद झालं, ते १६ नोव्हेंबरला उघडलं. आठ महिने भाविक नाहीत, म्हणजे गिऱ्हाईक नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून विचारा: गर्दी थांबली तर माझा माल कोण घेईल?

"शिकताना धंदा कशाला?" असं घरचे म्हणतील. त्यांना कर्मवीर भाऊराव पाटलांची आठवण करून द्या. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या अण्णांनी 'कमवा आणि शिका' हा मार्ग दाखवला. आपल्या पुणे विद्यापीठाचीही 'कमवा व शिका' योजना आहे. कॉलेजच्या ऑफिसात चौकशी करा.

एक मात्र लक्षात ठेवा. नोकरी करायची असेल तर खुशाल करा, त्यात कमीपणा नाही. निर्णय तुमचा हवा, एवढंच.

या आठवड्याचा गृहपाठ:
१. चार गोष्टींना स्वतः १० पैकी गुण द्या.
२. सगळ्यात कमी गुण असलेल्या गोष्टीसाठी एक छोटं काम ठरवा. कुतूहल कमी असेल तर तीन दुकानदारांना विचारा, "काका, माल उरला तर काय करता?"
३. महिन्यानं पुन्हा गुण द्या.

गुण वाढले नाहीत तरी वही फाडू नका. कुठं अडलं ते लिहा. पुढच्या भागात तिथूनच सुरू करू.