सर्फ गिटार, आपला बेंजो आणि रॉयल्टीचं गणित

'सर्फ' म्हटलं की होस्टेलवर आपल्याला आठवते ती रविवारची बादली आणि कपडे धुवायची पावडर! पण संगीतातही सर्फ नावाचा एक प्रकार आहे, आणि त्याचा आपल्या गावाकडच्या बेंजोशी अगदी जवळचा संबंध लागतो. शिवाय "कला करून पोट भरतं का?" हा जो प्रश्न घरी प्रत्येकाला ऐकावा लागतो, त्याचं निम्मं उत्तरही त्यात सापडतं. म्हणून हा लेखनप्रपंच.

सर्फ संगीत म्हणजे काय?

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर फळी घेऊन लाटांवर स्वार होणारी पोरं असत. १९६०च्या सुमारास त्यांच्या नाचाच्या कार्यक्रमांमधून हे संगीत वाढलं. त्यातलं बरंचसं शब्दांशिवायचं. गाणारा कोणी नाही, फक्त इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम. तारेवर पिक इतक्या वेगाने वर-खाली चालवायचं की सूर सलग थरथरत राहतो. त्यावर रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये वाजवल्यासारखा घुमारा.

ईअँडटीसीवाल्यांनो, हा घुमारा चक्क स्प्रिंगचा असतो बरं का! गिटारच्या सिग्नलचं रूपांतर यांत्रिक कंपनात करायचं, ते कंपन स्प्रिंगमधून पाठवायचं, ते आत आदळत परतत राहतं आणि दुसऱ्या टोकाला त्याचा पुन्हा सिग्नल करून मूळ आवाजात मिसळायचा. फेंडर कंपनीने १९६१ मध्ये यासाठी वेगळी पेटीच बाजारात आणली.

आता आपला बेंजो आठवा. टाइपरायटरसारखी बटणं, खाली धातूच्या तारा, पिकअप लावून अँपला जोडलेला आणि वर भरपूर एको. याचं मूळ जपानमधलं. १९१२ साली नागोया शहरात 'ताईशोगोतो' नावाचं वाद्य तयार झालं, ते भारतात येऊन बुलबुलतरंग झालं आणि आपल्याकडे वीज लागून बेंजो पार्टीत शिरलं. आमच्या कोल्हारला भगवतीदेवीच्या यात्रेत किंवा लग्नाच्या वरातीत बेंजोवाला जी तार छेडतो, ती ऐकून परदेशातला सर्फ गिटारवालाही मान डोलावेल. दोन्हीकडे शब्द नाहीत, जे काही आहे ते सुरात. आणि पैशाची गंमत नेमकी इथेच सुरू होते.

वाजवतो एक, पैसा मिळतो दुसऱ्याला

'वॉक, डोन्ट रन' ही धून जॉनी स्मिथ नावाच्या जॅझ गिटारवादकाने १९५४ मध्ये केली. जगभर गाजली ती १९६० मध्ये, व्हेंचर्स नावाच्या बँडने वाजवली तेव्हा. अमेरिकेच्या यादीत ती दुसऱ्या नंबरपर्यंत गेली. पण अमेरिकेत साध्या रेडिओवर रेकॉर्ड वाजली की रॉयल्टी मिळते ती धून रचणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला. वाजवणाऱ्या कलाकाराला रेडिओकडून काही मिळत नाही, आजही नाही. म्हणजे व्हेंचर्सची रेकॉर्ड वाजत राहिली आणि रेडिओची रॉयल्टी स्मिथकडे जात राहिली.

दुसरं उदाहरण तुमच्या मोबाईलमध्येही असेल. ब्लॅक आइड पीजचं २००५ सालचं 'पंप इट' ज्या गिटारवर सुरू होतं, ती डिक डेलने १९६२ मध्ये वाजवलेली 'मिसिरलू'. ती धून त्याची नव्हती. ती पूर्व भूमध्य समुद्राकडची जुनी लोकधून. तिची ग्रीक रेकॉर्ड १९२७ ची आहे. १९४१ मध्ये निक रुबानिस या संगीतकाराने ती स्वतःच्या नावावर नोंदवली. म्हणून 'पंप इट'च्या रचनाकारांच्या यादीतही रुबानिसचं नाव आहे. ज्याच्या बोटांमुळे धून जगाला कळली त्या डेलला सर्फ गिटारचा राजा म्हणत. २०१९ मध्ये ८१ व्या वर्षी तो वारला. औषधोपचाराच्या खर्चासाठी आपल्याला स्टेजवर जात राहावं लागतं, असं तो उतारवयात स्वतः सांगायचा. त्यामागे एकच कारण असेल असं मी म्हणणार नाही. पण वाजवणं आणि धूनेचा मालक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं यातून नक्की कळतं.

आपल्या मराठीत याला समांतर काम म्हणजे प्रभाकर जोग (१९३२–२०२१) यांचं 'गाणारं व्हायोलिन'. लोकांच्या तोंडी असलेली गाणी त्यांनी शब्दांशिवाय अशी वाजवली की शब्द आपोआप ऐकू यावेत. त्यातलं वादन जोगांचं. पण गाणं सुधीर फडक्यांचं असेल तर चाल फडक्यांचीच राहते. जोग स्वतः संगीतकारही होते. 'लपविलास तू हिरवा चाफा' ही चाल त्यांची. म्हणजे एकच माणूस एका रेकॉर्डवर वादक, तर दुसरीकडे चालीचा धनी.

एका धूनेत तीन हक्क

आपल्याकडचा कायदा १९५७ चा कॉपीराइट अ‍ॅक्ट. त्यानुसार कोणत्याही वाद्यसंगीताच्या रेकॉर्डमध्ये तीन हक्क दडलेले असतात.

१) चाल : हक्क संगीतकाराचा. मुदत त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं.
२) रेकॉर्डिंग : हक्क निर्मात्याचा, म्हणजे ज्याने पैसा घालून ते करवून घेतलं त्याचा. मुदत प्रकाशनानंतर ६० वर्षं.
३) वादन : हक्क वाजवणाऱ्याचा. मुदत ५० वर्षं.

इथे एक मजेशीर गोष्ट सांगते. १९५७ च्या मूळ व्याख्येप्रमाणे संगीत हे लिहिलेलं किंवा छापलेलं असेल तरच कायद्याच्या दृष्टीने 'संगीतकृती' ठरायचं. आपल्याकडे नोटेशन लिहितो कोण? सगळं कानावरच! १९९४ च्या दुरुस्तीत ही अट गेली. आता नुसती वाजवलेली चालही कृती मानली जाते.

दुसरी मोठी दुरुस्ती २०१२ ची. त्याआधी निर्माता एकदाच पैसे देऊन सगळे हक्क घ्यायचा आणि १९७७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाचाही त्याला आधार होता. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हा प्रश्न लावून धरला. आता कायदा सांगतो की चाल सिनेमात किंवा रेकॉर्डमध्ये गेली तरी रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकाराचाच राहतो. हा हक्क तो वारसाला किंवा रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेलाच देऊ शकतो, बाकी कोणाला नाही. उलटा करार केला तरी तो रद्दबातल. (सिनेमा थिएटरात दाखवला जातो, ते मात्र यातून वगळलं आहे.)

आता वाद्यसंगीताचा फायदा बघा. समजा, एका गाण्यासाठी गीतकार-संगीतकाराच्या वाट्याला १०० रुपये आले. ते दोघांत वाटले तर प्रत्येकी ५०. शब्द नसलेल्या धूनेला गीतकारच नाही, त्यामुळे पूर्ण १०० संगीतकाराचे. साधं गणित आहे.

वरातीत काय होतं?

'सैराट' (२०१६) मधलं अजय-अतुल यांचं 'झिंगाट' वाजवल्याशिवाय एकही वरात पुढे सरकत नाही. त्यासाठी बेंजो पार्टीने रॉयल्टी द्यायची का? नाही. कलम ५२ प्रमाणे धार्मिक विधीत वाजवण्याला सूट आहे आणि त्यात लग्नाची मिरवणूकही धरली आहे. पण याची दुसरी बाजूही आहे. उद्या तुमची स्वतःची धून शंभर वरातींत वाजली तरी तिथून तुम्हाला एक पैसा येणार नाही. वरातीत मिळते ती सुपारी. रॉयल्टी येते ती रेडिओ, टीव्ही, हॉटेल, जाहिरात, सिनेमा आणि इंटरनेटवरून.

तसंच 'झिंगाट' बेंजोवर रेकॉर्ड करून विकायचं असेल तर सूट नाही. मूळ मालकाची परवानगी हवी किंवा कलम ३१-सी प्रमाणे लायसन्स. त्यासाठी मूळ रेकॉर्ड निघून पाच वर्षं झालेली हवीत, आधी नोटीस हवी आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. छोट्या पार्टीला हे कुठून झेपणार?

करारावर सही करण्याआधी

माझा चुलतभाऊ कोल्हारच्या एका बेंजो पार्टीत वाजवतो. त्याने यात्रेसाठी एक धून बसवली होती. ती लोकांना आवडली आणि एका रेकॉर्डिंगवाल्याने त्याच्यापुढे इंग्रजीतला कागद ठेवला. मी कॉन्व्हेंटला शिकलेली, म्हणून दादाने तो वाचायला मला दिला. एकरकमी पैसे, त्याबदल्यात सर्व हक्क, संपूर्ण जगात, कायमचे, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांत! आणि 'संगीतकार' या शब्दापुढे रिकामी रेघ.

आम्ही तीन ठिकाणी खुणा केल्या. पहिली त्या रेघेवर : तिथे त्याचं नाव आलंच पाहिजे, कारण नाव नसेल तर हक्क सांगणार कुणाच्या जोरावर? दुसरी 'पुढे निघणारी माध्यमं' यावर : करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नाही, त्याला करार लागू होत नाही, जोवर त्या माध्यमाचा करारात स्पष्ट उल्लेख नसतो. तिसरी 'कायमचे' या शब्दावर : मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मग आपण होऊन 'कायमचे' आणि 'संपूर्ण जग' कशाला लिहून द्यायचं? दादाने सही केलेली नाही. बदल मागितले आहेत, अजून उत्तर आलेलं नाही. समोर दिसणारे पैसे सोडून थांबणं सोपं नसतं. घरी सीझनचे चार महिनेच कमाई असते, हे मला माहीत आहे.

तर मग करायचं काय?

१) स्वतःची धून करा. दुसऱ्याची धून कितीही छान वाजवली तरी चाल त्याचीच राहते.
२) धून बसली की लगेच मोबाईलवर रेकॉर्ड करा. तारीख टाकून स्वतःला मेल करा. जमलं तर नोटेशन किंवा सारेगम लिहून ठेवा.
३) ग्रुपमध्ये चाल कोणी केली, मधला तुकडा कोणी बसवला, कोणाचा किती टक्के वाटा, हे कार्यक्रमाच्या आधी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. पैसा आल्यावर सगळ्यांचीच आठवण बदलते!
४) कॉपीराइट ऑफिसात नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा म्हणून चांगली. संगीतकृतीसाठी फी ५०० रुपये, रेकॉर्डिंगसाठी २,००० रुपये.
५) संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था म्हणजे मुंबईची आयपीआरएस, स्थापना १९६९. गायक-वादकांसाठी इसाम्रा. सभासद झाल्याशिवाय आणि धून त्यांच्याकडे नोंदवल्याशिवाय आपला वाटा आपल्यापर्यंत पोहोचत नाही.
६) रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकताना त्याला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड मिळतो, तो जपून ठेवा. चालीचा कोड वेगळा, त्याला आयएसडब्ल्यूसी म्हणतात. गाडीचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर वेगवेगळे असतात ना, तसंच हे.

रॉयल्टीने कोणी एका रात्रीत श्रीमंत होत नाही. रक्कम थोडी असते आणि उशिरा येते. पण बोटं थकल्यावर सुपारी बंद होते, चालीचा हक्क मात्र बंद होत नाही. आपल्यानंतरही ६० वर्षं तो घरच्यांकडे राहतो.

आपल्या होस्टेलमध्ये गिटार, कीबोर्ड, ढोल-ताशा वाजवणारे कितीतरी जण आहेत. यंदाच्या गॅदरिंगला एखादी तरी धून स्वतःची बसवा आणि कार्यक्रमपत्रिकेत वादकांच्या नावांच्या वर एक ओळ वाढवा : 'संगीत : अमुक अमुक.' ही ओळ छापायला पैसे पडत नाहीत, पण पुढे कधी वाद झाला तर हीच ओळ उपयोगी पडेल.