सुरुवात उसनी, तर शेवटही उसना

पारोळा

चि. छोटी,


तुमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेची हकीकत कानावर आली. तुझ्या चौथीच्या वर्गातल्या मुलांच्या वह्यांचं सगळ्यांनी कौतुक केलं म्हणे, आणि घरी जिभाऊ ते ज्याला त्याला अभिमानानं सांगत आहेत. कौतुकाचं कारण ऐकून मला मात्र धसका बसला. तू फळ्यावर गोष्टीच्या पाच-सहा तयार सुरुवाती आणि तेवढेच तयार शेवट लिहून दिलेस, मुलांकडून ते पाठ करून घेतलेस, आणि आता वर्गातली प्रत्येक गोष्ट ‘एका गावात रामू नावाचा हुशार व प्रामाणिक मुलगा राहत होता’ इथून निघते आणि ‘तेव्हापासून सगळे सुखाने राहू लागले’ इथे येऊन थांबते. अक्षर वळणदार, शुद्धलेखन चोख. ऐकीव गोष्टीला तिखटमीठ लागलेलं असतं, हे मला कळतं. हे खोटं असेल तर पत्र बाजूला ठेव. खरं असेल तर शेवटपर्यंत वाच आणि मग हवी तेवढी रागाव.

सुरुवात वेगळी शिकवायची आणि शेवट वेगळा शिकवायचा, असं धरून चाललं की तिथेच गाडं अडतं. चांगल्या गोष्टीचा शेवट तिच्या सुरुवातीतच असतो. कुणाला काय हवंय, कुणाचं काय अडलंय, काय हरवलंय, हे पहिल्या दोन-चार वाक्यांत आलं, की ते मिळालं का, सुटलं का, आणि नसेल तर त्या माणसानं पुढे काय केलं, एवढंच शेवटाला सांगायचं उरतं. आता तुझ्या रामूकडे बघ. तो हुशार आहे, प्रामाणिक आहे. बरं, मग? त्याला काही नको आहे, त्याचं काही अडलेलं नाही. अशा माणसाला घेऊन मुलानं जायचं तरी कुठे? ते बिचारं अर्धं पान चाचपडतं आणि ‘तेवढ्यात त्याला जाग आली, ते सगळं स्वप्न होतं’ असं लिहून सुटका करून घेतं. मग आपण म्हणतो की मुलांना शेवट जमत नाही. त्यांच्या हातात सुरुवातच आलेली नव्हती, हे आपल्या ध्यानात येत नाही.

हे माझ्या मनचं नाही. आपल्याकडे ज्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या त्या तपासून बघ. काऊचिऊच्या गोष्टीत एकाचं घर शेणाचं आणि दुसरीचं मेणाचं, हे आधीच कळतं. त्या एका तपशिलात सगळी गोष्ट आहे. पाऊस आला की काय होणार, हे चार वर्षांच्या पोरालाही उमगतं आणि म्हणूनच ते ऐकत बसतं. भोपळ्यातून जाणाऱ्या म्हातारीचंही तसंच. लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग मला खा, असा शब्द ती वाघाला सुरुवातीलाच देऊन बसते. तो शब्द दिल्यावर तिला परतीच्या वाटेवर वाघासमोर यावंच लागतं. शेवट बाहेरून आणावा लागत नाही. या दोन्ही गोष्टी तुझ्या मुलांना पाठ आहेत. ‘पहिलं वाक्य काढून टाकलं तर पुढचं काय काय बिघडेल?’ एवढा एक प्रश्न त्यांना विचार. शेणामेणाचं वाक्य काढलं तर गोष्ट कोसळते. रामूचा प्रामाणिकपणा काढला तर काही म्हणजे काही बिघडत नाही. चौथीच्या मुलाला हा फरक नक्की कळतो.

तू म्हणशील, आपल्या कहाण्यांची सुरुवातही ठरलेलीच असते की, सगळ्या आटपाट नगरातच घडतात आणि सगळ्या सुफळ संपूर्ण होतात. मग माझ्या तयार वाक्यांनी काय पाप केलं? प्रश्न रास्त आहे. पण आटपाट नगर हा नुसता उंबरठा. तो ओलांडताच कहाणी उणीव सांगते. राजाची एक राणी नावडती असते, ब्राह्मण दरिद्री असतो. श्रावणी सोमवारी सांगतात ती खुलभर दुधाची कहाणी आठव. महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा, ही राजाची इच्छा पहिल्यांदाच समोर येते. गावचं सगळं दूध ओतूनही गाभारा भरत नाही, आणि घरची पोरंबाळं, गाईवासरं तृप्त करून आलेल्या म्हातारीच्या खुलभर दुधानं तो भरतो. सुरुवातीला जो गाभारा रिकामा, शेवटी तोच भरलेला. ठरीव वाक्यं आहेत ती या दोन्हींच्या बाहेर, ऐकणाऱ्यांना गोळा करायला आणि मोकळं करायला. तू मुलांना उंबरठा दिलास आणि घर द्यायचं राहून गेलं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता तात्पर्याबद्दल. शाळेत गोष्टीला तात्पर्य हवंच, ही सवय जुनी आहे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ साली इसापनीती मराठीत आणली, आणि नीतिकथा शाळकरी वाचनात घट्ट बसल्या. पण त्याच छत्र्यांनी १८३० साली वेताळपंचविशीही मराठीत दिली, हे आपण विसरतो. वेताळाची गोष्ट तात्पर्यावर संपत नाही, पेचावर संपते. न्याय कुणाच्या बाजूनं, हे विक्रमाला सांगावं लागतं, आणि त्याच्याबरोबर ऐकणाऱ्यालाही मनातल्या मनात ठरवावं लागतं. एकाच माणसानं दोन वाटा दाखवल्या आणि शाळेनं एकच धरली. शाळेतल्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत हे मला कुणी दाखवून दिलं असतं तर किती बरं झालं असतं, असं आता फार वाटतं. आमच्या पिढीच्या हाताखालून किती मुलं गेली आणि त्यांच्या किती गोष्टी ‘म्हणून नेहमी खरे बोलावे’ या एका ओळीखाली दबून गेल्या, त्याची गणती नाही. तुझ्या हाती अजून पुढची सगळी वर्षं आहेत, म्हणून एवढं कळवळून लिहिते आहे.

यावर तू साने गुरुजींचं नाव पुढे करशील, आणि केलंच पाहिजेस. ते आपल्या शेजारच्या अमळनेरला प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० शिक्षक होते, तिथल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ हे दैनिक स्वतःच्या हातानं लिहून काढत होते. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्या बेचाळीस रात्रींत शिकवण आहे, हे कोण नाकारील? पण ती कुठे आहे ते बघ. न्हाऊन झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम हटून बसतो आणि आईला लुगड्याचे ओचे पसरायला लावतो. पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप, ही आईची शिकवण त्या पायांपासूनच निघते. सुरुवातीचा हट्ट शेवटी मोठा होऊन परत येतो. ते तात्पर्य कुणी वरून चिकटवलेलं नाही. म्हणून मुलांना तात्पर्य लिहू दे, पण ती ओळ हातानं झाकून वाचायला सांग. तरीही गोष्ट पुरी वाटली तर शेवट जमला. नाही वाटली तर खाडाखोड शेवटात करू नका, पहिल्या परिच्छेदाकडे परत जा.

तुझी खरी अडचण मला ठाऊक आहे. घरात लिहिता-वाचता येणारं कुणी नाही, कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मा वर्ग शेतात, आणि घरची बोली अहिराणी. अशा मुलाला कोरा कागद दिला तर ते रडेल, त्याला आधार हवाच. मान्य. पण आधार वाक्याचा देऊ नकोस, प्रश्नाचा दे. समज, बकरी हरवल्याची गोष्ट आहे. ‘एका गावात’ म्हणण्याआधी विचार, की बकरी नाही हे पोराला कळलं कसं? त्यानं पहिल्यांदा काय पाहिलं? कुणीतरी म्हणेल, दावं पाहिलं. झालं. ‘दावं होतं, बकरी नव्हती.’ चार शब्दांत गोष्ट सुरू झाली आणि चारही शब्द मुलाचे. ते आधी अहिराणीत म्हणू दे, हसू नकोस आणि कुणाला हसू देऊ नकोस. मग दोघं मिळून पुस्तकी मराठीत आणा. आता शेवट विचार. ‘बकरी सापडली व सगळे आनंदी झाले’ असं कुणीतरी म्हणेलच. तेव्हा दाव्याची आठवण दे, की त्या रात्री पोरानं दाव्याचं काय केलं असेल? ‘झोपण्याआधी त्यानं गाठ दोनदा ओढून पाहिली.’ बकरी सापडली हेही त्यात आलं, आणि पोरगं काय शिकलं हेही आलं. जे मूल फारच अडखळतं त्याला एखादं वाक्य खुशाल दे, पण पुढच्या गोष्टीला ते काढून घ्यायचं, हे तू स्वतःशी ठरवून ठेव.

परीक्षेचं म्हणशील, तर मुद्द्यांवरून गोष्ट लिहायला देतात तेव्हा अडचण त्या मुद्द्यांतच असते. ती हुडकायची सवय लागलेलं मूल शीर्षक, तात्पर्य सगळं लिहील आणि गुणही घेईल. वेळेचं म्हणशील, तर रोज अख्खी गोष्ट लिहून घ्यायची गरजच नाही. एखाद्या दिवशी नुसत्या तीन-तीन ओळींच्या सुरुवाती लिहून घे आणि एकमेकांना वाचायला लाव. पुढे काय झालं, असं शेजारच्यानं विचारलं तर सुरुवात साधली. त्या तपासायलाही वेळ लागत नाही. माधुरी पुरंदरे यांचं ‘लिहावे नेटके’ मिळालं तर जवळ ठेव, मुलांना लिहितं करण्याचा विचार त्यात फार नेटानं केलेला आहे.

एवढं सगळं लिहिलं, तरी पुन्हा त्याच वह्या डोळ्यांपुढे येतात. त्या एकसारख्या का झाल्या असतील, याचाही मी विचार केला. दोन शिक्षकी शाळा, तीन इयत्ता एका खोलीत, वर माहिती भरून पाठवायची घाई. थकलेल्या माणसाच्या हाताला तयार वाक्यच लागतं. त्यात तुझा आळस नाही, हे मला ठाऊक आहे. तू मुलांसाठी किती झिजतेस ते जिभाऊंना दिसतं, मलाही दिसतं. पण अलीकडे तुझे घरी येणारे निरोपही त्या वह्यांसारखेच झाले आहेत, बाळा. सुरुवातीला ‘मी मजेत आहे’, शेवटी ‘काळजी करू नका’. मधे काहीच नसतं. तुझी वहिनी ते वाचून निर्धास्त होते. मी होत नाही.

मुलांना जमेल तेव्हा जमेल, तू घाई करू नकोस. मी वर काही कडक लिहिलं असेल तर मनाला लावून घेऊ नकोस. आखाजीला दोन दिवस जास्तीचे काढून ये. त्याआधी एखादं पत्र लिही, आणि त्यात पहिल्याच ओळीत तुझं काय अडलंय ते सांग. ते सुटलेलं नसलं तरी चालेल. शेवट मी विचारणार नाही.

तुझी,
आत्या